एका डबल बासवर तीन बिऱ्हाडं

पत्र, थोडक्यात: मी ३२ वर्षांची, मूळची पुण्याची. गेली नऊ वर्षं अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका राज्यात राहते. इथल्या प्रादेशिक ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवते (बोने म्हणजे गजाने, किंवा बोटांनी छेडून वाजवायचं व्हायोलिनसारखं पण मोठं, खर्जाचं वाद्य). महिन्याचा पगार नाही, तालमी आणि कार्यक्रम मोजून मानधन मिळतं. शिवाय एका ब्लूग्रास बँडबरोबर (बँजो-मँडोलिनवरचं अमेरिकी लोकसंगीत) जवळजवळ दर शनिवारी आणि तिघांच्या एका जॅझ ट्रिओत महिन्यातून दोनदा वाजवते. बास एकच आहे. जॅझमधल्या मित्राच्या सल्ल्याने त्यावर स्पायरोकोअर तारा लावल्या आणि त्या बऱ्याच खाली, फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) जवळ घेतल्या. जानेवारीच्या शेवटी एका पूर्णवेळ ऑर्केस्ट्राची ऑडिशन आहे, १४ आठवडे उरलेत. आमचे सेक्शनप्रमुख (ऑर्केस्ट्रातल्या बासवादकांचे प्रमुख) म्हणाले, "बाकीच्या वाजवण्याने तुझा बो बिघडलाय. काय ते एकदा ठरव." ब्लूग्रासवाल्यांची तक्रार निराळी: मी मागे ओढते आणि माझे स्वर लांबतात. उजव्या तर्जनीवर सारखे फोड येतात. आई पुण्याहून म्हणते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." जॅझ आणि ब्लूग्रास सोडून द्यावं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: तारा स्पायरोकोअर आहेत आणि खाली घेतलेल्या आहेत. सोडायचं की नाही याकडे मी येणारच आहे, पण आधी इथे थांबू या. सेक्शनप्रमुखांची तक्रार आणि ब्लूग्रासवाल्यांची निम्मी तक्रार, दोन्हींचं मूळ बहुधा तिथेच आहे.

स्पायरोकोअर ही पोलादी तार. छेडल्यावर ती खूप वेळ घुमते, म्हणून जॅझवाल्यांना ती प्रिय. वॉकिंग बासमध्ये (दर मात्रेला एक स्वर देत चालणाऱ्या जॅझच्या चालीत) प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला टेकला पाहिजे आणि ही तार तो टेकवते. पण बो तिला चटकन पकडत नाही, नवी असताना तर नाहीच. स्वराच्या सुरुवातीला खरखर येते, सगळ्यांत जाड अशा ई तारेवर जास्त. त्यात तुमच्या तारा फिंगरबोर्डच्या जवळ. बोने वजन टाकलं की जाड तार रुंद थरथरते आणि फिंगरबोर्डवर आपटून झणझणते. ती झणझण टाळायला हात आपोआप हलका होतो, बो ब्रिजपासून (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून) दूर सरकतो आणि आवाज पातळ होतो. पहिल्या स्टँडवरून, म्हणजे प्रमुखांच्या जागेवरून, ऐकणाऱ्याला हे 'बो बिघडलाय' असंच वाटणार.

आता तीच तार ब्लूग्रासमध्ये न्या. तिथे ड्रम नसतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिनची चॉप (तुटक ठोका) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, दोघं मिळून ड्रमचं काम करतात. बासचा स्वर चॉपच्या अंगावर घुमत राहिला की मधली मोकळी जागा भरून जाते आणि चाल जड होते. "स्वर लांबतात" ते हे. थोडक्यात, महिन्यातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी सजवलेलं वाद्य तुम्ही रोजच्या दोन कामांना नेताय.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा. दोन आठवडे दर गुरुवारी आणि दर सोमवारी सकाळी फोन तीन मीटरवर ठेवून तेच तीन उतारे रेकॉर्ड करा: बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतला तिसरा भाग (स्केर्झो आणि त्याच्या मधला ट्रिओ), मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतला एक उतारा, आणि एक संथ, लांब बोचा. सोमवारचं रेकॉर्डिंग गुरुवारपेक्षा वाईट आलं तर शनिवारचा थकवा हे कारण. दोन्ही दिवशी दोष सारखेच, त्याच जागी, त्याच तारेवर आले तर दोष वाद्याच्या मांडणीत आहे. मग एखाद्या सहकाऱ्याचा ऑर्केस्ट्रासाठी लावलेला बास मागून घ्या आणि त्यावर तेच उतारे वाजवा. वीस मिनिटांत कळेल.

मांडणीचं असंच निघालं तर काय करायचं? फिंगरबोर्डच्या टोकाशी, फिंगरबोर्डपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जॅझमध्ये 'जी' ही सगळ्यांत बारीक तार साधारण ४ ते ५ मिलिमीटर आणि ई तार ६ ते ७ वर ठेवणारे पुष्कळ आहेत. ऑर्केस्ट्रात जोरकस वाजवायचं तर याहून बरंच वर लागतं. तुम्ही 'जी' तार ५.५ ते ६ आणि ई तार ८.५ ते ९ पासून सुरुवात करा. ब्लूग्रासवाल्यांचंही यात भलंच आहे. अँप्लिफायरशिवाय वाजवायचं तर उंच तार जास्त आवाज देते, म्हणून जुने ब्लूग्रास बासवादक तारा उंचच ठेवत आले. गैरसोय फक्त जॅझची, आणि तिथे तुमच्याजवळ अँप्लिफायर असतोच.

ब्रिजच्या पायांत उंची कमी-जास्त करणारी चाकं असतील तर हे घरी करता येतं, पण घाई नको. आधी चारी तारा थोड्या सैल करा. दोन्ही चाकांवर पेन्सिलने खूण करा आणि एका वेळी पाव फेराच द्या, दोन्हीकडे सारखा. मग तारा लावा आणि ब्रिजकडे बाजूने बघा. त्याची शेपटीकडची (तारांच्या खालच्या टोकाकडची) बाजू बासच्या पाटाला काटकोनात राहायला हवी. तारा ताणताना ब्रिजचा माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. लक्ष गेलं नाही तर ब्रिज हळूहळू वाकतो आणि एक दिवस आडवा होतो. ब्रिजला चाकंच नसतील तर ती बसवणं कारागिराचं काम, स्वतः करू नका.

तारा बदलायच्या तर मधल्या जातीच्या आहेत: हेलिकोअर हायब्रिड किंवा इव्हा पिराझ्झी. बोला तयार, छेडल्यावरही बऱ्यापैकी बोलक्या. ऑडिशनच डोळ्यांपुढे असेल तर फ्लेक्सोकोर किंवा बेलकांतोसारख्या निखळ बोच्या तारा लावा आणि जॅझमध्ये आवाज थोडा आखूड येईल हे मान्य करा. मी तुमच्या जागी दुसरा पर्याय घेईन. तारा बदलताना एक काढा, एक लावा. चारी एकदम सोडल्या की आतला साऊंडपोस्ट (दोन पाटांमधला लाकडी खांब) पडू शकतो आणि तो परत उभा करायला दुकान गाठावं लागतं. नव्या तारा बसायला दोन-तीन आठवडे घेतात, म्हणून डिसेंबरनंतर तारांना हात लावू नका.

याहून चांगला उपाय म्हणजे दुसरा बास. महागडा नको, प्लायवुडचा. शिकागोच्या के कंपनीने १९३७ पासून असे बास हजारोंनी बनवले आणि ब्लूग्रासमध्ये ते अजून फिरताहेत. कोरीव लाकडाचा बास उन्हात, दवात, गाडीत नेऊन तडकतो. प्लायवुडचा सहसा तडकत नाही. नवीन बरा प्लायवुड बास दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास येतो. परवडत नसेल तर बँडमधल्या कुणाच्या तळघरात पडलेला एखादा सहा महिन्यांसाठी मागून बघा. घेण्याआधी मात्र दोन गोष्टी मोजा. नटपासून (तारा वरच्या टोकाला टेकतात तिथून) ब्रिजपर्यंतची तारेची लांबी दोन्ही वाद्यांत शक्यतो सारखी हवी. साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर ही बरीच प्रचलित लांबी. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. दुसरं, मानेच्या बुंध्याशी 'जी' तारेवर कोणता स्वर येतो, डी की ई फ्लॅट. एका बासवर डी आणि दुसऱ्यावर ई फ्लॅट असेल तर वरच्या जागांचा सूर हुकत राहील आणि खापर पुन्हा ब्लूग्रासवर फुटेल.

आता उरलेली निम्मी तक्रार, मागे ओढण्याची. ही मात्र तुमच्या सवयीची आहे, आणि सवय ऑर्केस्ट्राने लावली आहे. कंडक्टरची काठी खाली येते आणि ऑर्केस्ट्राचा आवाज बऱ्याचदा क्षणभराने येतो. सगळे मिळून त्या उशिराला सरावलेले असतात. तिथे तुम्ही डोळ्यांनी वाजवता. ब्लूग्रासमध्ये बघायला काठी नाही. बँजोच्या टोकदार स्वरांपुढे तुमचा ठोका किंचित उशिरा पडला तरी सगळ्यांना जाणवतं, आणि तुम्ही वाट बघता तोवर उशीर झालेला असतो.

यासाठी मेट्रोनोमचा ठोका स्वतःचा मानू नका, मँडोलिनचा माना. अर्ध्या स्वराला, म्हणजे दर दोन मात्रांना एक ठोका धरून, मिनिटाला ९० ठोक्यांपासून सुरुवात करा, ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ऐका आणि तुम्ही पहिली-तिसरी द्या. दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच वाढवत १३० पर्यंत न्या. चॉपच्या क्षणी डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलू नका, नुसतं सैल सोडा. स्वर तिथेच मिटतो. मोकळ्या (बोट न दाबलेल्या) तारेवर हे जमत नाही, आणि ब्लूग्रासची कितीतरी गाणी 'जी मेजर' या पट्टीत असतात, जिथे 'जी' आणि 'डी' या दोन्ही मोकळ्या तारा मिळतात. म्हणून काही दिवस ई तारेवरचा 'जी' आणि ए तारेवरचा 'डी' दाबून वाजवा. लांबी तुमच्या ताब्यात येईल. जॅझसाठी तोच ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ठेवा, पण इथे स्वर मिटवायचा नाही, पुढच्याला नेऊन टेकवायचा. तोच ठोका आणि दोन वेगळी बोटं: ही अदलाबदल दहा मिनिटं रोज केली तरी पुरे.

याचा ऑडिशनशी काय संबंध? फार जवळचा. पहिल्या फेरीत तुम्ही पडद्याआड असता. समितीला तुमचा चेहरा दिसत नाही, तुम्ही शनिवारी काय वाजवलं हे ठाऊक नसतं. ऐकू येते ती लय, सूर आणि नाद. बीथोव्हेनच्या पाचवीतला ट्रिओ किंवा मोझार्टची पस्तिसावी सिंफनी कंडक्टरशिवाय, एकटीने, ठाम लयीत वाजवायची असते. ज्या बासवादकाने काठीवाचून बँड पेलला आहे, तिच्याजवळ इथे काहीतरी जास्तीचं असतं. ते सोडून देऊन ऑडिशनला जाणं मला पटत नाही.

तर सोडू नका. पण हे १४ आठवडे तिन्ही सारख्या मापाने चालवूही नका. पहिले आठ आठवडे ब्लूग्रासचे महिन्याला दोनच कार्यक्रम. शेवटचे सहा आठवडे एकही नाही. कारण संगीताचं नाही, कातडीचं आणि खांद्याचं आहे. दोन-तीन तास मोठ्याने छेडल्यावर उजव्या हाताची बारीक पकड दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखी नसते. जॅझ ट्रिओ शेवटच्या तीन आठवड्यांपर्यंत चालू ठेवा, एका अटीवर: प्रत्येक कार्यक्रमात निदान एक संथ चाल बोने वाजवायची. बासवादक पॉल चेंबर्स जॅझमध्ये बोने सोलो घ्यायचे, स्लॅम स्ट्युअर्ट बो वाजवत एक सप्तक वर गुणगुणायचे. ट्रिओत बो काढला तर कुणाला नवल वाटणार नाही. श्रोत्यांसमोर, थकल्या हाताने बो वाजवण्याचा सराव घरच्या खोलीत होत नाही.

बँडला हे आजच सांगा, डिसेंबरात नव्हे. बदली बासवादक तुम्हीच शोधून द्या आणि त्याला गाण्यांचे नंबर-चार्ट लिहून द्या: १, ४, ५. आपल्याकडच्या सा, म, प सारखंच आहे. गायकाने पट्टी बदलली तरी आकडे बदलत नाहीत. आणि पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडताना एक लक्षात घ्या. ऑर्केस्ट्राचा हंगाम साधारण सप्टेंबर ते मे, ब्लूग्रासचे बरेचसे महोत्सव उन्हाळ्यात. खरी ओढाताण होते ती सप्टेंबरात. तो एक महिना नीट सोडवला तर बाकीचं वर्ष तुम्हाला वाटतं तितकं एकमेकांवर आदळत नाही.

फोडांबद्दल. ऑर्केस्ट्रातलं पिझिकातो (बोटाने छेडणं) बोटाच्या टोकाने होतं, आणि तुम्ही तेच टोक घेऊन बँडमध्ये जाता असा माझा अंदाज आहे. तिथे तर्जनी तारेला जवळजवळ समांतर धरा, अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवा आणि बोटाच्या कुशीने, हाताच्या वजनाने ओढा. मांस जास्त लागतं, कातडी कमी सोलते, आवाजही भरीव येतो. जलद गाण्यात तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. आलेला फोड फोडू नका, त्यावर सुपरग्लू लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घट्टे कानशीने सपाट ठेवा, त्यांची कड तारेत अडकून फाटते. बोटं बधिर होत असतील तर मात्र सराव थांबवा आणि वादकांचे हात बघणाऱ्या थेरपिस्टकडे जा. करंगळी-अनामिका बधिर होणं आणि अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होणं या दोन वेगळ्या नसांच्या तक्रारी आहेत; कोणती बोटं, ते नीट सांगा.

बऱ्याच फोडांचं मूळ आवाज न पोचण्यात असतं. पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं पकडणारा सेन्सर) थेट मिक्सरला जोडलात तर बास नाकात बोलतो आणि तुम्ही भरपाईला आणखी जोराने ओढता. मध्ये १ मेगाओम किंवा त्याहून जास्त इनपुट इम्पीडन्सचा प्रीअँप हवा, आणि त्यावर ४० ते ५० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर. गुरगुर थांबते आणि आवाज वाढवता येतो. ब्रिजच्या पायाखाली बसणारा पिकअप बोचा नाद दाबू शकतो. ब्रिजच्या बगलेतल्या फटीत बसणारा ऑर्केस्ट्राच्या दिवशी काढून ठेवता येतो. आणखी एक साधी गोष्ट: जोरात छेडताना हात ब्रिजकडे घसरतो आणि बोटांचा घाम बोच्या जागेवर लागतो. त्या जागी दुसऱ्या दिवशी बो सुटतो, कितीही राळ लावली तरी. कार्यक्रम संपला की कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या, रोज.

सेक्शनप्रमुखांशी बोला, पण "मी काय सोडू?" असं विचारू नका. विचारा, "नेमकं काय ऐकू येतं? सुरुवात उशिरा की आवाज पातळ? कोणत्या तारेवर, कोणत्या जागी?" अनुभवी वादकाने काहीतरी खरं ऐकलेलं असतं, कारण सांगताना मात्र तो चुकू शकतो. सोबत ऑर्केस्ट्राचा करारही वाचा. किती सर्व्हिसेस (तालमी आणि कार्यक्रम) नाकारता येतात, रजा किती दिवस आधी मागायची, हे त्यात लिहिलेलं असतं. जागा मिळाली तर पहिलं एक-दोन वर्षं बहुतेक ठिकाणी परीविक्षेचं असतं. तेवढ्यात बाहेरचे कार्यक्रम कमीच ठेवा. असाच प्रश्न पडलेले आणि व्हिसावर असलेले वाचक असतील, त्यांनी बाहेरचं मानधन घेण्याआधी वकिलाला विचारावं. काही व्हिसा एकाच मालकाशी बांधलेले असतात, आणि तिथे चूक महागात पडते.

आता तुमच्या आई. त्यांची काळजी खरी आहे, पण चिंध्या म्हणायच्या त्या या नव्हेत. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्या काळात मुंबईतले गोवेकर वादक चर्चच्या शाळेत शिकलेली स्वरलिपी घेऊन सिंफनीही वाजवत, हॉटेलांत जॅझही वाजवत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओतही बसले. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ त्यांनी घडवला. बासपुरतं बोलायचं तर रॉन कार्टर १९५९ मध्ये ईस्टमन या संगीत विद्यालयातून शास्त्रीय शिक्षण घेऊन बाहेर पडले. त्या काळी कृष्णवर्णीय वादकाला ऑर्केस्ट्रात जागा मिळणं जवळजवळ अशक्य होतं. जॅझने त्यांना जागा दिली आणि पुढे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमध्ये (पाच जणांच्या बँडमध्ये) त्यांच्या अचूक सुराचा सगळ्यांना लाभ झाला. टेनेसीतल्या ओक रिजचे बासवादक एडगर मेयर बाखही वाजवतात आणि ब्लूग्रासही. बँजोवादक बेला फ्लेक यांच्याबरोबर, आणि २०२४ मध्ये गेलेल्या आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेनांबरोबर, त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं. आईंना त्यांचं एखादं रेकॉर्डिंग ऐकवा. तबला ओळखीचा असल्याने त्या बासपर्यंतही पोचतील.

जानेवारीच्या प्रवासाची सोय आत्ताच करा. बासची हार्ड केस विमानात बहुतेकदा वजनाच्या मर्यादेबाहेर जाते, काही विमान कंपन्या ती घेतच नाहीत. दहा-बारा तासांचा रस्ता असेल तर गाडीच बरी. नाहीतर त्या गावातल्या बासवादकाकडून वाद्य मागा, आणि पहिल्या ईमेलमध्येच तारेची लांबी आणि बुंध्याशी येणारा स्वर विचारा. स्वतःचा बास नेणार असाल तर हिवाळ्यातल्या हीटरकडे लक्ष ठेवा. घरातली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. हवा कोरडी झाली की पाट बसतो, तारा खाली येतात आणि तुम्ही कष्टाने लावलेले ८.५ मिलिमीटर जानेवारीत ७.५ झालेले असतात. मोजपट्टी केसमध्ये ठेवा, दोन दिवस आधी पोचा आणि ज्या खोलीत उतरलात तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.